भाड्याची आजी

मित्रांनो, मी एक जुना डोंगमो आहे आणि गोड चहा पिणाऱ्या सगळ्यांची मला कीव येते. तुम्ही बहुधा त्यांतलेच असाल. असू द्या. बसा.

डोंगमो म्हणजे चहा घुसळायचे लाकडी नळकांडे. मी कमरेइतका उंच आहे. पितळी कड्यांनी आवळलेला आहे. माझ्या आत वरखाली होणारा एक दट्ट्या आहे. उकळून उकळून काळा केलेला चहा, मीठ आणि द्रीचे लोणी माझ्या पोटात पडते. द्री म्हणजे याकची मादी. मग दट्ट्या चालतो, पाण्याचे आणि लोण्याचे भांडण मिटते, आणि जे तयार होते त्याला आमच्याकडे चहा म्हणतात. बाकीच्यांनी आपापल्या गरम पाण्याला काहीही म्हणावे.

नाग्येल गावाच्या वरच्या रानातल्या एका भूर्जवृक्षापासून माझा जन्म झाला. एका चकण्या सुताराने माझ्या फळ्या तासल्या. त्याला सरळ बघता येत नव्हते, पण सरळ तासता येत होते. त्याने फळ्या अशा जोडल्या की सांध्यात नखही शिरू नये. युद्रोन लग्न होऊन या घरी आली तेव्हा तिच्या सामानात मी होतो. तिच्या सासूने मला उलटे करून पाहिले, तळावर टिचकी मारली आणि नुसती मान हलवली. आमच्याकडे यापेक्षा मोठे स्वागत नसते.

पुढची वर्षे कष्टाची आणि मानाची गेली. गुरे सोडण्याआधी चहा, शेतातून आल्यावर चहा, कुणी जन्मले तरी चहा, कुणी गेले तरी चहा. खेचरांचे तांडे घेऊन येणारी माणसे चुलीपाशी बसत आणि एक शब्द न बोलता भांडे पुढे करीत. चहाची स्तुती करायची आमच्याकडे रीत नाही. रिकामे भांडे पुढे आले की समजायचे.

चुलीच्या शेजारी घराचा मोठा खांब आहे. खांब आणि चूल यांच्या मधली जागा घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईची. सासू गेली आणि युद्रोन तिथे बसू लागली. तिचे केस पांढरे झाले, गाव तिला आमा, म्हणजे आई, म्हणू लागले. पण मित्रांनो, गोष्टीतल्या आज्यांसारखी ती प्रेमळ मुळीच नव्हती. तिची जीभ कोयत्यासारखी होती. लहान मुले तिच्या अंगावर खेळत नसत. मला ती आवडत असे, ती यासाठीच.

मग सून आली. ल्हात्सो तिचे नाव. ती मिक्सर घेऊन आली. किंचाळणारे ते भांडे क्षणात चहा फेसाळून द्यायचे. मला कोपऱ्यात उभे केले आणि माझ्यात केरसुण्या खोचल्या. अशा अवस्थेत मी कितीतरी हिवाळे काढले. त्याबद्दल मी रडणार नाही. केरसुण्यांची संगत पुढे जी मिळाली तिच्यापेक्षा बरी होती.

आमाचा मुलगा नोर्ग्ये माणूस वाईट नाही, फक्त शेजाऱ्यांकडे बघून जगतो. गल्लीतल्या तीन घरांनी शहरातल्या एका सहल कंपनीशी करार केला होता. म्हणून त्यानेही केला. कंपनीची माणसे खालच्या मुलखातली जुनी चिनी गावे बघून, घाट चढून आमच्याकडे येत. सकाळी मठ, दुपारी 'तिबेटी घराची भेट', मग चांदीच्या कंगव्यांचे दुकान. मठ आणि कंगवे यांच्या मधे जे बसत होते, ते आम्ही.

मला कोपऱ्यातून काढले. केरसुण्या गेल्या याचा आनंद फार टिकला नाही. नोर्ग्येने मला चकचकीत रोगण फासले आणि कमरेला लाल फीत बांधली. माझ्यात चहा घालायचा नाही, नुसते पाणी घालायचे, असे ठरले. चहा पुडीतून येई, थर्मासमधून ओतला जाई. पाहुण्यांनी रांगेने यायचे, माझा दट्ट्या धरायचा, दात दाखवायचे, फोटो काढायचा आणि पुढच्याला जागा द्यायची.

काय ती माणसे! हवासुद्धा ती डब्यातून विकत घेऊन ओढत होती. पुढे पिवळा झेंडा घेऊन पेई नावाची गाइड चाले. कमरेला लावलेल्या भोंग्यातून ती बोले आणि झेंडा वळेल तिकडे पंचवीस टोप्या वळत. एकाच्याही मनात येत नसे की झेंडा डावीकडे गेला तरी आपण उजवीकडे बघावे. चहाचा घोट घेऊन ती तोंडे वाकडी करीत आणि पेईची पाठ वळली की भांडे खिडकीतल्या कुंडीत रिते करीत. मग एकमेकांना सांगत, "किती वेगळी चव ना!"

पहिल्या महिन्यात आमा खांबाशेजारी बसत असे. पाहुण्यांना खरी आजी दाखवायची होती. एके दिवशी एका गृहस्थाने नाक पुसलेला कागद आमच्या चुलीत टाकला. चुलीत आमचा देव राहतो. आमाने हातातली पितळी पळी उचलली आणि त्याच्या बोटांवर हाणली.

"तुझ्या आईच्या देव्हाऱ्यात टाक तुझा शेंबूड!" ती म्हणाली.

पेईने घाईघाईने भोंग्यातून सांगितले की बोटांवर पळी मारणे हा शुभशकुन आहे. पण गृहस्थाची बोटे सुजली. कंपनीचा मॅनेजर, थांग साहेब, स्वतः आला. टोकदार बुटांनी तो आमच्या घरभर टकटक फिरला आणि नोर्ग्येला म्हणाला, "घर चांगलं आहे. आजी बदला."

मित्रांनो, तुम्ही नीट ऐकलेत. आजी बदला.

पुढच्या आठवड्यात बदली आजी आली. लुओ तिचे नाव. सिच्वानची भाजीवाली. गोल चेहरा, गुबगुबीत हात आणि तोंडभर हसू. कंपनीने तिला आमच्या बायकांचा झगा दिला, गळ्यात प्लास्टिकची पोवळी घातली, गालांना लाल रंग लावला आणि खांबाशेजारच्या जागेवर बसवले. तिला आमच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. सातूच्या पिठाला ती पांढरी माती समजली होती. तिला पाहून पाहुण्यांना मात्र भरते आले. म्हाताऱ्या बायका तिचे हात हातात घेऊन रडल्या. माझ्या पितळी कड्यांना घाम फुटला.

आमाला आतल्या खोलीत बसायला सांगितले होते. मधे एक लाकडी पडदी होती. पडदीच्या फटीतून ती आपल्याच जागेवर बसलेल्या नकली आजीला बघत असे. काही बोलत नसे. आमा बोलत नाही म्हणजे काय, हे घरात मलाच ठाऊक होते.

पाहुणे गेले की ती बाहेर येई, माझ्यातले फोटोचे पाणी ओतून देई, मला गरम पाण्याने विसळी आणि खरा चहा घुसळी. मिक्सरला ती हात लावत नसे. एका संध्याकाळी तिने दोन भांडी भरली. एक लुओपुढे ठेवले. आदरातिथ्य म्हणून नव्हे. तिला लुओचे वाकडे झालेले तोंड बघायचे होते. मलाही बघायचे होते.

लुओने भांडे उचलले. एक घोट घेतला. थांबली. मग सगळे पिऊन भांडे खाली ठेवले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आमा तिच्याकडे बघत राहिली. आमाच्या चहाला नाव ठेवणारे माणूस त्या खोऱ्यात जन्मले नव्हते. तिने स्वतःच्या भांड्यातला घोट घेतला, तोंडात घोळवला.

"कमी आहे," ती शेवटी म्हणाली. "त्या भोंगेवालीच्या बडबडीत चुकलं माझं. पण तुला काय कळतंय, भाजीवाली?"

"चाळीस वर्षं लोणची घातलीत मी. मिठातलं कळतं."

"घे मग अजून."

अशी त्यांची बोलाचाली सुरू झाली. आमाला बाजारातली मोडकीतोडकी चिनी येत होती, तेवढी पुरत होती. लुओ आमाला 'आचे' म्हणू लागली, म्हणजे ताई. आमा तिला भाजीवालीच म्हणत राहिली. लुओचे गाव धरणाच्या पाण्यात गेले होते. मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी ती दोन वर्षे राहिली आणि एके दिवशी कंपनीची जाहिरात बघून निघून आली. हे सगळे ती हसतहसत सांगे. मला तिचे ते हसू तेव्हाही पटत नव्हते. इतके हसणाऱ्या माणसाच्या चहात लोणी नेहमी कमी पडते.

पाहुण्यांना आजीने आजीच्या भाषेत बोललेले हवे असे. लुओ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटे. एका दुपारी आतल्या खोलीत बसून बसून आमाला कंटाळा आला. एका टोपीवाल्याने लुओला विचारले, "आजी, तुम्ही इतक्या आनंदी कशा?"

लुओने लाजल्यासारखी बाही तोंडावर धरली. आणि पडदीमागून आमाचा आवाज आला, आमच्या भाषेत, खणखणीत.

"कारण तुम्ही संध्याकाळी निघून जाता."

लुओ दचकली. पण बाईचे डोके चपळ. बाहीआड तिने ओठ हलवले. पेईला आमची भाषा येत नव्हती. तिला गरजही नव्हती. उत्तरे तिला पाठ होती.

"आजी म्हणतात, मन निर्मळ ठेवा आणि पर्वताकडे बघा," भोंगा म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईने हात जोडले. "आजी, आम्हाला आशीर्वाद द्या."

"ती जाडी माझ्या पिठाच्या पेटीवर बसलीय. उठव तिला. पीठ काय तिच्या ढुंगणाखाली ठेवायला दळलं मी?"

"आजी म्हणतात, तुमची कोठारं सदैव भरलेली राहोत."

"आजी रोज याकचं दूध पितात का?"

"याक बैल असतो, बैल! आधी तू त्याच्याखाली भांडं घेऊन बस. वाचलास तर पुढचं बोलू."

"आजी म्हणतात, हो, रोज. म्हणून तर गाल असे लाल आहेत."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस. रोज दुपारी आमा पडदीआडून सगळ्या खोऱ्याच्या वतीने बोलत असे, आणि पंचवीस माणसे आपल्याला शिव्या पडत असताना डोळे मिटून धन्य होत असत. संध्याकाळी आमा तिला अर्थ सांगे, त्यामुळे लुओची बाही हळूहळू हसण्याने हलू लागली होती. आमच्या घराला कंपनीच्या यादीत सगळ्यांत जास्त तारे मिळाले.

पण एका गटात दार्त्सेदोची एक मुलगी होती. शहरात वाढलेली, नवऱ्याबरोबर आलेली, टोपी सगळ्यांसारखीच. ती आमच्यातलीच आहे हे कुणाला ओळखू आले नाही. एका सरकारी दिसणाऱ्या गृहस्थाने आजीला दीर्घायुष्याचे रहस्य विचारले आणि आमा म्हणाली, "तुझ्यासारख्यांना पुरून उरायचं ठरवलंय." त्या मुलीच्या नाकातून चहा बाहेर आला. ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग तिने नवऱ्याला खरे भाषांतर करून सांगितले. नवऱ्याने फोनवर सगळे टिपले होते. दुसऱ्या दिवशी ते देशभर फिरत होते.

टोकदार बूट परत आले. या वेळी थांग साहेबाने चहाही मागितला नाही. तो नोर्ग्येला म्हणाला, "पाहुण्यांच्या वेळेत म्हातारी घरात दिसता कामा नये. नाहीतर घर यादीतून काढतो."

नोर्ग्ये संध्याकाळी आमासमोर येऊन बसला. बोटे मोडत त्याने शहरातल्या थोरल्या बहिणीचा विषय काढला.

"आमा, थोडे दिवस ताईकडे जाऊन राहा ना. शहरात बरं आहे. गरम पाणी आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्ट कशाला?"

"वर जायला."

"वर जायच्या बेतातच आहे मी. त्याला यंत्र कशाला हवंय?"

"आमा, चेष्टा नको. छप्पर गळतंय. ल्हात्सोला हॉटेलात भांडी घासायला परत पाठवू का मी? तूच सांग."

आमाने ल्हात्सोच्या हातांकडे पाहिले. ती उठली, आपले जाड कांबळे घडी केले, जपमाळ घेतली आणि मला उचलून कांबळ्यावर ठेवले.

"आमा..." नोर्ग्ये खाली बघून म्हणाला, "डोंगमो इथंच राहू दे. पाहुण्यांना दाखवायला लागतो."

तिने मला परत जागेवर ठेवले. माझ्यावर तिचा हात थोडा वेळ राहिला. मला त्या वेळी काय वाटले ते मी सांगणार नाही. लाकडाला काही वाटत नाही असे तुम्ही मानता, तेच बरे.

लुओ दारात उभी होती. ती हसत नव्हती.

"अकराव्या मजल्यावर चूल नसते, आचे," ती म्हणाली. "नुसती बटणं असतात. दोन वर्षं मी एकही वास घेतला नाही."

"तुला कोण विचारतंय, भाजीवाली?"

"कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी झेंडा आला. टोप्या आल्या. आमाचे गाठोडे दाराशी होते आणि संध्याकाळच्या गाडीने ती जाणार होती. पेईने भोंगा चालू केला, "या आमच्या लाडक्या आजी," आणि लुओ उभी राहिली. तिने गळ्यातली प्लास्टिकची पोवळी काढली. बाहीने गालांचा रंग पुसला. तो नीट निघाला नाही, नुसता कानापर्यंत पसरला.

"ऐका," ती चिनी भाषेत म्हणाली. "मी या घरातली नाही. माझं नाव लुओ. मी भाजी विकत होते. या घराची मालकीण आत गाठोडं बांधून बसलीय, कारण तुम्हाला तिचं तोंड आवडलं नाही. हा चहासुद्धा पुडीतला आहे. तुम्हाला घर बघायचं असेल तर बूट काढा, गप्प बसा आणि ती देईल ते प्या. नसेल बघायचं तर कंगव्यांचं दुकान पुढच्या वळणावर आहे."

मला वाटले, आता तरी. आता तरी एखादा लाजेल.

मग टाळ्या वाजल्या.

एक बाई डोळे पुसत होती. एक माणूस पेईला म्हणत होता, "हे तर कार्यक्रमात लिहिलंच नव्हतं! वा!" आणि एका टोपीवाल्याने पुढे येऊन लुओला नम्रपणे विचारले, "पुन्हा एकदा म्हणाल का? माझा कॅमेरा चालू नव्हता."

मित्रांनो, मी आगीशेजारी जन्म काढला आहे. मी उलटून त्या माणसाच्या पायावर पडलो असतो, पण पाहुण्यांच्या वेळी मला त्या लाल फितीने खुंटीला बांधत.

लुओ मटकन खाली बसली. आतून आमा हसत होती. मोठ्याने, खोकत, थांबता न येणारे हसू. तेही कार्यक्रमातलेच असावे असे समजून पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी आमाची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी थांग साहेब मिठाईचा डबा घेऊन हजर. आता त्याचे बूटसुद्धा गोड वाजत होते. पाहुण्यांनी तारेच तारे दिले होते. त्याची नवी योजना तयार होती. रोज दुपारी लुओने उठून पोवळी काढायची, सत्य सांगायचे, मग पडदीमागून खऱ्या आजीने बाहेर यायचे आणि दोघींनी गळ्यात पडायचे.

"आणि रडायचं?" आमाने विचारले.

"थोडंसं. डोळे पाणावले तरी पुरे."

"कांदा कुणी आणायचा?"

"कंपनी आणेल," थांग साहेब म्हणाला. त्याला ती चेष्टा वाटली नव्हती.

नोर्ग्येचा चेहरा उजळला. "आमा, आता तुला कुठंच जायला नको! छप्परही होईल. सगळं जमलं!"

आमाच्या जागेवर दुसरी बसली होती, ते तिने सोसले होते. आता तिला रोज दुपारी ठरल्या वेळी स्वतःचेच सोंग आणायला सांगत होते.

पहाटे तिने माझी लाल फीत कापली. मला दोरीने पाठीला बांधले. लुओने चहाची वडी, मीठ आणि कांबळे घेतले. दोघी घरामागच्या वाटेने वर निघाल्या. खाली झेंडा येईल तेव्हा दोन्ही आज्यांच्या जागा रिकाम्या असणार होत्या. ही कल्पना मला चढभर पुरली.

लुओ दर वळणावर बसे. तिला दम लागे आणि ती त्याबद्दल सगळ्या पर्वताला ऐकू जाईल असे कण्हे.

"भाजीवाली, तुझ्यापेक्षा हा डोंगमो हलका आहे."

"मग रात्री त्यालाच चहा पाज."

"तोच पाजतो सगळ्यांना. तू काय करतेस?"

"मी हसते. त्याचेच पैसे मिळत होते."

वरच्या कुरणावर आमाचा चुलतभाऊ आकू लोद्रो उन्हाळ्यात द्री घेऊन राहतो. त्याने दोघींना पाहिले, मला पाहिले आणि काहीही न विचारता चुलीत लाकूड सारले. अशी माणसे अजून आहेत, पण ती झेंड्यामागे चालत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

तो उन्हाळा मी पोटभर जगलो. रोगणाचे पोपडे गळून गेले. ताजे लोणी मिळाले. लुओने माझा दट्ट्या हाती घेतला. पहिले काही दिवस ती कपडे बडवल्यासारखी बडवत होती. आमा मागून ओरडे, "अगं, मारतेस काय त्याला? दाबायचं आणि सोडायचं!" शेवटी तिला ते साधले. आकू लोद्रो तिचा चहा प्यायला आणि त्याने भांडे पुन्हा पुढे केले. लुओ त्या दिवशी हसली नाही. ती उगाचच बाहेर जाऊन उभी राहिली.

पावसाळी दिवसांत एकदा नोर्ग्ये वर आला. ओला चिंब, धापा टाकत. आमाने त्याला ये म्हटले नाही, जा म्हटले नाही. लुओने चहा ओतला. तो प्यायला. तिने पुन्हा ओतला. तो पुन्हा प्यायला.

"कंपनीनं दोन नव्या पाठवल्यात," तो शेवटी म्हणाला. "एक तू झालीय. एक ही."

"मी कशी आहे?" आमाने विचारले.

"फार गोड."

"अरे देवा."

"काल तिनं पाहुण्यांसमोर माझ्या गालावरून हात फिरवला. 'माझं बाळ' म्हणाली." नोर्ग्ये भांड्यात बघत होता. "तू कधी फिरवला नाहीस."

"नाही. तुला आवडलं?"

"अंगावर काटा आला."

आमा पुढे झुकली. वाटले, आता ती खरोखर हात फिरवते की काय. तिने त्याच्या ओल्या टोपीला टपली मारली आणि टोपी चुलीजवळ वाळत टाकली.

"खाली चल, आमा," तो म्हणाला. "त्या घरात मला बसवत नाही. माझ्याच घरात पाहुण्यासारखा वावरतो मी."

"पाहुणे येतील ते येऊ देत. छप्पर गळतंय ते मलाही दिसतं. पण चूल माझी. पलीकडची गवताची कोठी रिकामी आहे, तिथं मांड तुझं नाटक."

"कोठीत खांब नाही."

"कंपनीला सांग. उभा करेल."

आणि कंपनीने केला. सिमेंटचा, लाकडाचा रंग दिलेला. मित्रांनो, पाहुणे त्याला मिठी मारून फोटो काढतात.

शरदात आम्ही खाली आलो. आता आमच्या स्वयंपाकघराचे दार बंद असते. आत आमा खांबाशेजारी बसते. लुओ मागच्या अंगणात कोबी आणि मिरच्या लावते, कंपनीच्याच आचाऱ्याला विकते आणि वजनात एक पानही सोडत नाही. ल्हात्सो आता मिक्सरला कापड घालून फडताळावर ठेवते. कोठीत नवा डोंगमो आहे, कारखान्यातला. त्याला तळच नाही. तरी आता त्यात पाणीसुद्धा घातले जात नसल्यामुळे हे अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही.

परवा एक बाई संडास शोधत चुकून आमच्या दारातून आत आली. साठीची असेल. टोपी तीच, डोळे भांबावलेले. तिने आमाला पाहिले, लुओला पाहिले आणि परत फिरू लागली.

"बस," आमा म्हणाली.

बाईने उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि भिंतीशी बसली. लुओने तिला माझ्यातला चहा दिला. पहिल्या घोटाला तिचे तोंड व्हायचे तसे वाकडे झाले. मी मनात म्हटले, झाले, आता ही कुंडी शोधणार. ती दुसरा घोट प्यायली. मग तिसरा. तिने फोन काढला नाही, कुणाला गुपित विचारले नाही. बाहेर भोंगा तिच्या नावाने ओरडत होता आणि ती चुलीकडे बघत बसली होती. तिचे भांडे रिकामे झाले. आमाने रीतीप्रमाणे ते पुन्हा भरले. बाईने घाबरून आमाकडे पाहिले आणि तेही प्यायली.

जाताना तिने लुओला संडास कुठे आहे एवढेच विचारले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तू विनवणी करतात, की आम्हाला जपा. माझी तशी काही विनवणी नाही. मला गरम पाण्याने विसळायला आणि उलटे ठेवून वाळवायला दोघी आहेत. तुम्ही कधीतरी कुठल्यातरी झेंड्यामागून चालत कुणाच्यातरी घरात शिराल. सगळेच शिरतात. त्या घरात जी बाई हसत नसेल, तिच्यापाशी जाऊन बसा. बूट काढून. आणि ती काही देईल तेव्हा तोंड वाकडे झाले तरी चालेल.

आता उठा. माझ्यात लोणी घालायची वेळ झाली.